डोळ्यांदेखत बसवायचा पंप

“जावईबापू, खड्डा चुकवू नका,” बाबा मागून ओरडले. “सरळ घाला त्याच्यात.”

आणि जीप सरळ खड्ड्यात गेली. मागच्या तिन्ही पिंपांमधलं पाणी डचमळलं, थोडं माझ्या पदरावर उडालं आणि बाबांनी समाधानाने मान हलवली. गाडी खड्ड्यात घातली म्हणून जावयावर खूश होणारा सासरा मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

त्याला कारण होतं. पिंपांमध्ये माशांची पिल्लं होती, रोहू आणि कटल्याची, बोटाएवढी. बोटुकली म्हणतो आम्ही त्यांना. ती तलावात नेऊन सोडायची होती. आता ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांतून पिल्लं येतात, पण त्या काळी आमच्या बाजूला उघडी पिंपंच असायची, तोंडाला जुन्या लुगड्याचं फडकं बांधलेली. उघड्या पिंपातलं पाणी हलत राहिलं तरच पिल्लं जगतात. पाणी थांबलं की त्यातली हवा बघता बघता संपते, पिल्लं वर येऊन तोंडं उघडमीट करतात आणि मग पोट वर करतात. म्हणून गुळगुळीत डांबरी रस्ता आमच्या कामाचा नाही. आमच्या जीपचे पाटे इतके कडक होते की साधी चिंचोक्याएवढी गिट्टीसुद्धा मणक्याला कळायची. पिल्लांना तेवढंच हवं होतं.

बाबा, म्हणजे फागोजी, पळसटोल्याच्या मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष. त्या वर्षी सभेत त्यांनी सगळ्यांशी वाद घातला होता. आजवर सोसायटी अगदी बारीक जिरं, म्हणजे जिऱ्याएवढी पिल्लं, आणून सोडायची. त्यातलं निम्मंअधिक तलावातले मोठे मासेच खाऊन टाकायचे. बाबा म्हणाले, या वर्षी वाढलेली बोटुकली आणू. कोणीतरी म्हणालं, आणि वाटेत मेली तर? बाबा म्हणाले, मेली तर मी खुर्ची सोडतो आणि पुन्हा त्या तलावात जाळंही टाकत नाही. तलावावर सगळा ढिवरटोला, आमची मासेमारांची वस्ती, जगायचा. तेव्हा त्या तीन पिंपांत पुढच्या वर्षाचं सगळ्यांच्या घरचं जेवण होतं आणि बाबांचा शब्द होता.

त्यात नदीच्या पुलावरून पाणी चाललेलं. ठरवलेला टेम्पो ऐन वेळी नाही म्हणाला. जंगलातला मुरमाचा रस्ता तेवढा मोकळा होता आणि त्या रस्त्याने जाऊ शकेल अशी गाडी आसपास एकच होती. ती नेमकी माझ्या नवऱ्याची. आणि मी नेमकी त्या गाडीवरून भांडून उन्हाळ्यापासून माहेरी येऊन बसलेली.

आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. पण गोष्ट सांगायची तर सारखं ‘हे’ आणि ‘ते’ म्हणून कसं भागेल, तेव्हा घेते. ताराचंद. लिलावात घेतलेली जुनी पेट्रोलची जीप, तिच्यावर त्याचा भारी जीव. नवीन भाग विकत घेणं म्हणजे त्याला गाडीचा अपमान वाटायचा. तारेने बांधील, चामडं लावील, साबणाने भोक बुजवील, पण जुनं बदलणार नाही. त्यातला पेट्रोलचा पंप तर माझ्या जन्माचा वैरी. टाकीतलं पेट्रोल इंजिनापर्यंत ओढायचं एवढंच त्याचं काम, पण त्याच्या आतला पडदा फाटायचा आणि गाडी जिथे असेल तिथे उभी राहायची. ताराचंद मग सायकलच्या ट्यूबचा गोल तुकडा कापून तो पडदा म्हणून लावायचा. पेट्रोलमध्ये ट्यूब भिजली की फुगते आणि विरघळल्यासारखी होते, हे त्यालाही ठाऊक होतं. पण चार दिवस चालली की तो पाचव्या दिवसाचा विचार करत नसे.

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाला आम्ही त्याच जीपने निघालो. पोचलो तेव्हा पंगत उठून लोक सुपारी कातरत होते. तिच्या लग्नाच्या एकाही फोटोत मी नाही. त्या दिवशी ताराचंदने शपथ घेतली की नवीन पंप बसवतो. आठवड्याने बोनेट उघडून दाखवलाही, चकचकीत, चंदेरी. मी हात लावला तर बोटाला रंग लागला. जुन्याच पंपाला पत्र्याचा रंग मारून बसवला होता आणि कडेने सायकलची ट्यूब डोकावत होती.

मी त्याच पावली आत जाऊन पिशवी भरली. निघताना म्हणाले, “माझ्या डोळ्यांदेखत, डब्यातून काढून नवा पंप बसेल, तेव्हाच तुमच्या घरात पाय ठेवीन.”

त्यानंतर तो दोनदा न्यायला आला. दोन्ही वेळा मी आतल्या खोलीतून बाहेरच आले नाही. तो अंगणात बाजेवर बसायचा, चहा प्यायचा, बाबांशी पावसापाण्याचं बोलायचा आणि जायचा. हातात कागदात बांधलेला डबा असायचा, तोही परत न्यायचा. आई चिडायची. “आनलेली मिठाई परत नेते हा जावई. असा कसा मानूस?” मलाही वाटलं, माणूस वाया गेला.

आणि आता मी त्याच्याच जीपमध्ये मागे बसले होते, कारण पिंपं तीन आणि सांभाळायला बाबांचे दोनच हात. पण बोलायचं नाही हे पक्कं होतं. काही सांगायचं झालंच तर बाबांमार्फत. “बाबा, त्यांना सांगा, फांदी खाली आली आहे.” “बाबा, त्यांना विचारा, पेट्रोल आहे ना?” दीड हाताच्या अंतरावर बसलेल्या माणसाला बाबा माझा निरोप पोचवत होते आणि तोही बाबांनाच उत्तर देत होता. “आहे म्हनावं, मामाजी. भरपूर आहे.”

श्रावणातली उघाड होती. सागाची पानं धुऊन निघालेली आणि वरून ऊन असं की ओल्या मातीतून वाफ येत होती. अर्धं जंगल मागे पडलं आणि जीपला उचकी लागली. एक, दोन, मग मोठा आचका. मला ती उचकी पाठ होती. चढावर जीप थांबली, इंजिन बंद पडलं आणि तिन्ही पिंपांतलं पाणी हळूहळू स्थिर झालं.

 बाबांनी विचारलं, “काय झालं जी?”

ताराचंदने उतरून बोनेट उघडलं. आतून पेट्रोलचा भपकारा आला. “पंप, मामाजी,” तो म्हणाला.

बाबांनी फडकी सोडली, बाह्या सरसावल्या आणि पिंपात हात घातले. हे काम आमच्याकडे लहानपणापासून शिकवतात. पाणी नुसतं ढवळायचं नाही, पिल्लांना मार लागतो. ओंजळीने उचलायचं आणि वीतभर उंचीवरून सोडायचं, म्हणजे पडताना ते हवा घेऊन आत जातं. बाबांनी कडेचं पिंप धरलं, मी दुसऱ्या कडेचं. मधल्या पिंपात दोघांनी आळीपाळीने एकेक हात घालायचा. मी इंजिनाकडे पाठ आणि मागच्या फळकीकडे तोंड करून गुडघ्यांवर बसले. बसायला जागाच तेवढी होती.

“नाल्याचं पाणी आणून घालू का बाबा?”

“नको. थंड हाय अन् गढूळ. झटका बसते त्याइले. तू हात चालव.”

पुढून हत्यारांची पेटी उघडल्याचा आवाज आला आणि मग काहीच आवाज नाही. मधल्या पिंपात पिल्लं वर येऊ लागली होती. पाण्याच्या पृष्ठभागावर बारीक बारीक तोंडं, नुसती उघडमीट.  मी त्या ट्यूबच्या नावाने किती बोटं मोडली होती, पण त्या घडीला माझ्याच तोंडून निघालं, “बाबा, त्यांना सांगा, ट्यूब कापून लावा. काय वाट्टेल ते लावा, पण तलावापर्यंत न्या.”

“ऐकलं का, बापू? ट्यूब लावा म्हनते.”

“ट्यूब नाही, मामाजी.”

“काहून नाही?”

“होती तेवढी लावून संपली. आता नवी ठेवतच नाही.”

मग सीटखाली काहीतरी सरकलं आणि ताराचंद मागच्या बाजूला आला. हातात कागदात बांधलेला डबा. तोच, अंगणातून दोनदा परत गेलेला. सुतळी घट्ट झाली होती, त्याने ती दातांनी तोडली. आत पंप होता. नवाकोरा, अंगाला तेल लावलेला, बाजूला पॅकिंगची चकती आणि दुकानाचा कागद.

बाबांचे हात थांबले नाहीत, पण डोळे डब्यावर. “हा कवाचा आनला?”

“उन्हाळ्यातच. ती आली तुमच्याकडं त्याच आठवड्यात.”

“मंग बसवला काहून नाही?”

ताराचंदने माझ्याकडे पाहिलं नाही. पंपाकडे बघत म्हणाला, “तिच्या डोळ्यादेखत बसवा म्हनली होती. मागच्या वेळी मी रंग मारून फसवली, म्हनून या वेळी डबाबी खोलला नाही. दोनदा आनला तुमच्या घरी. पन तिनं डोळे दाखवलेच नाही. मी चहा पिऊन परत नेला.”

म्हणजे हा माणूस नवा पंप सीटखाली ठेवून उन्हाळ्यापासून फुगलेल्या ट्यूबवर गाडी चालवत होता. कारण मी म्हणाले होते. मला एवढा संताप आला की पिंपातलं पाणी ओंजळीने त्याच्या तोंडावर मारावंसं वाटलं. आणि त्याच वेळी असं हसू येत होतं की ओठ दाबून धरावे लागले. दोन्ही एकदम आलं की माणसाचं तोंड कसं दिसतं कोण जाणे. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि नजर पुन्हा पिंपात घातली.

“जोडा चांगला जमला हाय,” ते म्हणाले. “एकाले झाकावं अन् दुसऱ्याले काढावं. बसवा आता.”

“तिले म्हना, समोर येऊन पाह्य. तिच्यासाठीच ठेवला हाय.”

“त्यांना सांगा,” मी फळकीला म्हणाले, “मी समोर आले तर हे पिंप कोण हलवील?”

तो गेला. मी पाठ करून पाणी उचलत राहिले, सोडत राहिले. खांद्यात कळा सुरू झाल्या होत्या. बाबांनी सवयीने खिशाकडे हात नेला, बिडीसाठी, आणि पेट्रोलचा वास येताच ओला हात तसाच परत आणला. पुढे पान्याचा आवाज चालला होता. जुने बोल्ट कुरकुरले, जुना पंप रस्त्याकडेच्या गवतात धप्पकन पडला. तो पडला तेव्हा मला वळून बघायची फार इच्छा झाली, पण मधल्या पिंपात तोंडं वाढत होती. मग नव्या पंपाचे बोल्ट फिरले, भराभर, लोणी कापावं तसे.

“झालं, मामाजी,” तो म्हणाला.

“झालं?” बाबा म्हणाले. “एवढ्यात?”

त्याने स्टार्टर मारला. इंजिन नुसतं फिरलं. पुन्हा मारला. पुन्हा मारला. तेच कोरडं घरघरणं, आणि प्रत्येक वेळी थोडं अधिक थकलेलं. बॅटरी बसत चालली होती.

“वर पेट्रोलच येत नाही,” ताराचंद म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. “नवा पंप हाय, मामाजी. नवा कोरा हाय.”

मधल्या पिंपात दोन पिल्लं आडवी झाली. बाबांनी ती चिमटीत धरून बाहेर टाकली. मग आणखी एक. मी बाबांच्या तोंडाकडे बघितलं आणि मला त्यांचा सभेतला शब्द आठवला. माझे हात आपोआप चालत होते आणि डोकं भलतीकडेच अडकलं होतं. कुठेतरी काहीतरी कमी पडलं होतं. पंप बसवताना नेहमी काहीतरी व्हायचं, ते आज झालं नव्हतं.

आणि मग मला कळलं काय ते.

ताराचंदने तो पंप काढून बसवलेला मी किती वेळा ऐकला असेल. आमच्या अंगणात, बाजाराच्या वाटेवर, बहिणीच्या लग्नाच्या दिवशी. बघायची मी नाहीच, रागाने पाठ फिरवून बसायची. पण कान तर उघडेच असायचे. पंपाला आत जाणारी एक दांडी असते. इंजिनातल्या फिरत्या उंचवट्यावर ती टेकवावी लागते, तेव्हा कुठे ती हलते आणि पेट्रोल ओढते. ती टेकवताना आतली स्प्रिंग माणसाला मागे ढकलते. पंप छातीने दाबून धरल्याशिवाय बोल्ट धरतच नाही. म्हणून दर वेळी, अगदी दर वेळी, तो कण्हायचा. म्हैस उठताना कण्हते तसा. आज तो कण्हला नव्हता.

“बाबा, त्यांना विचारा, ते कण्हले का?”

“काय?”

“पंप बसवताना कण्हले का म्हणून विचारा.”

बाबांचा संयम तिथे संपला. दोन्ही हात पिंपात, घाम नाकावरून पाण्यात टपकतोय, आणि ते म्हणाले, “तुमच्या दोघांच्या मधात मी टपालवाला हाय काय? मासोळी मरून राहिली इथं. तुले तोंड हाय ना? तूच विचार.”

मी मान न वळवता ओरडले, “अहो, तुम्ही कण्हले नाही.”

उन्हाळ्यापासूनचे ते माझे पहिले शब्द. पुढे स्टार्टर थांबला. मला वाटलं, त्याला कळलंच नाही. मग तो हळूच म्हणाला, “अरे हो.” आणि लगेच पाना बोल्टवर चढला.

दांडी उंचवट्याच्या बाजूने घसरून मोकळीच आत गेली होती. आनंदात बसवला होता ना पंप, दाखवायचा होता मला. त्या नादात त्याच्या ध्यानातच आलं नाही की बोल्ट फारच सोपे गेले. आता त्याने पंप काढला, पुन्हा तिरका आत घातला. बूट मातीत घसरल्याचा आवाज आला, छाती पत्र्याला टेकल्याचा आवाज आला, आणि मग ते आलं. लांबलचक, पोटातून ओढून काढलेलं कण्हणं.

“हां,” मी म्हणाले. “आता बसला.”

बॅटरीचा भरवसा नव्हता. त्याने वरून कार्बोरेटरमध्ये झाकणभर पेट्रोल ओतलं आणि पुढून लोखंडी हँडल घातलं. पहिल्या फेऱ्याला इंजिन खोकलं. दुसऱ्याला धरतंय असं वाटलं आणि मेलं. बाबांनी डोळे मिटून घेतले होते, हात मात्र चालूच. तिसऱ्या फेऱ्याला जीप अशी गदगदून सुरू झाली की तिन्ही पिंपांतलं पाणी एकदम थरथरलं, आणि मला रडू आलं. लपवायचं कारण नव्हतं, तोंड आधीच ओलं होतं.

ताराचंद चालत्या गाडीत चढावं तसा उडी मारून बसला. बाबा ओरडले, “खड्डे, बापू. खड्डे धरा.”

त्यानंतरचा रस्ता मला आठवतो तो फक्त हाडांना. एक खड्डा त्याने सोडला नाही. नसेल तिथे चाक कडेच्या चरात घालून घेतलं. माझं डोकं दोनदा वरच्या दांड्यावर आपटलं आणि दोन्ही वेळा मी पिंपात बघितलं. तोंडं हळूहळू कमी झाली. मग एक वेळ अशी आली की वर काहीच दिसेना, नुसतं हिंदकळणारं पाणी, आणि खाली काळसर सावल्या इकडून तिकडे पळतायत. मी बाबांचं मनगट धरलं. त्यांनी आत वाकून बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि मांडी घालून बसले.

तलावाच्या पाळीवर अर्धा टोला जमला होता. सगळे पिंपांकडे बघत होते. बाबांनी घाई करू दिली नाही. तलावाचं पाणी आधी थोडं थोडं पिंपात ओतायचं, दोन्ही पाण्यांची ओळख होऊ द्यायची, मग पिंप काठावर आडवं करायचं. पहिलं पिंप आडवं केलं तेव्हा पिल्लं घोळक्याने तोंडाशी थांबली, जणू विश्वास बसत नव्हता. मग एक निघालं, आणि त्यामागे सगळा थवा, उथळ पाण्यात चांदीची रेघ ओढत खोल पाण्याकडे. दुसरं पिंप. मग मधलं. मधल्यातलीही पळाली. सभेत ‘वाटेत मेली तर?’ म्हणणारा सभासद गुडघाभर पाण्यात उभा होता, पिल्लं त्याच्या पायांमधून पळाली आणि तो लहान पोरासारखा हसला.

बाबा पाळीवर बसले आणि दिवसभर राखून ठेवलेली बिडी त्यांनी पेटवली.  मी जवळ गेले तेव्हा धूर सोडत म्हणाले, “तुह्या मायले सांगतो, ती मिठाई नव्हती म्हनून.” मग जीपकडे हनुवटी दाखवली. “जाय आता. पुन्हा नुसता चहा पाजून परत पाठवू नको त्याले.”

मी घरून पिशवी आणली. आईने दशम्या बांधून दिल्या. ताराचंद जीपपाशी उभा होता, हात पुसून पुसून लाल केलेले. मी मागे न जाता पुढच्या सीटवर बसले. तो चालवायला बसला, पण किल्ली फिरवेना.

“पाह्यला ना?” त्याने विचारलं. “पंप बसवताना?”

“नाही.”

त्याचा चेहरा उतरला. खरंच उतरला. त्या क्षणी त्याला वाटलं असणार की आता ही खाली उतरते.

“माझी पाठ होती तिकडे,” मी म्हणाले. “कशी बघणार?”

“मंग?”

“मग काय. ऐकला.”

त्याने मग किल्ली फिरवली, आणि बसलेली बॅटरी कुरकुरली. तो निमूट खाली उतरला, हँडल मारलं, आणि पहिल्याच फेऱ्याला इंजिन सुरू झालं. जंगलाच्या तोंडाशी पहिला खड्डा दिसला आणि दिवसभराच्या सवयीने त्याने चाक सरळ त्याच्या दिशेने वळवलं.

मी त्याच्या हातावर हात ठेवला. “आता चुकवा,” म्हणाले.